वजनदार साहस

रस्ता जेथे संपतो तेथून पुढे जाण्यासाठी घडविलेले वाहन, अशी साहसी मोटारसायकलींची ख्याती आहे. अशा वाहनाची खरी परीक्षा वेगावरून होत नाही. निर्जन जागी ते आडवे पडले, तर एकट्या स्वाराला ते उभे करता येते काय, यावरून ती होते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०२४ साली सादर केलेली 'आर १३०० जीएस ॲडव्हेंचर' इंधनासह २६९ किलो भरते. तिच्यावर सामानाच्या पेट्या चढवायच्या त्या निराळ्याच.

मोठ्या साहसी मोटारसायकलींचा वंश याच कंपनीच्या १९८० मधील 'आर ८० जी/एस'पासून सुरू झाला, असे मानले जाते. नावातील दोन अक्षरे जर्मन भाषेतील 'गेलेंडे' म्हणजे रानवाट आणि 'श्ट्रासे' म्हणजे रस्ता या शब्दांची. सुमारे आठशे सीसीचे, पन्नास अश्वशक्तीचे ते इंजिन. त्याचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले. त्यामुळे वारा थेट सिलिंडरवर येई, गुरुत्वमध्य खाली राही आणि व्हॉल्व्हची फट तपासायची तर टाकीला हात न लावता बाजूचे झाकण उघडले की काम भागे. वाळूत घासून झिजणाऱ्या साखळीऐवजी शाफ्ट होता. मागचे चाक एकाच भुजेवर बसविलेले असल्याने तीन बोल्ट सोडले की ते हातात येई. एवढे असूनही वजन दोनशे किलोंच्या आत होते. ह्युबेर ओरिओल यांनी १९८१ ची पॅरिस-डकार शर्यत याच जातीच्या गाडीवर जिंकली. १९८३, १९८४ आणि १९८५ साली हे यश पुन्हा मिळाले.

पुढील चार दशकांत अभियंत्यांनी केलेली करामत थक्क करणारी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९४ च्या 'आर ११०० जीएस'मध्ये ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली दबू नये, अशी पुढच्या चाकाची वेगळी रचना आली. २०१३ साली इंजिनाभोवती पाणी खेळू लागले. २०२३ च्या 'आर १३०० जीएस'ची शक्ती १४५ अश्वशक्तीवर पोहोचली. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नेऊन आणि सांगाडा नव्याने बांधून वजन आधीच्या २४९ वरून २३७ किलोंवर आणले गेले. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. तथापि याच गाडीला थांबताना आसन ३० मिलिमीटर खाली आणणारी एक ऐच्छिक यंत्रणाही मिळते. स्वाराचे पाय जमिनीला लागावेत म्हणून यंत्राने गुडघे टेकायचे! उंची आणि वजन आधी वाढवावे आणि मग त्यांच्यावर उतारा शोधण्यात बुद्धी खर्च करावी, असा हा प्रकार आहे. शिवाय १९८० च्या गाडीचा बिघाड साध्या पान्याने निस्तरता येई. आजच्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक दोष शोधण्यास संगणक जोडावा लागतो आणि तो रानवाटेवर सापडत नाही.

जोडीदार व सामान घेऊन पक्क्या सडकेवर दिवसभर धावण्यास ही गाडी अप्रतिम आहे. ग्राहक तिच्यावर लुब्ध होतात ते उगाच नव्हे. परंतु विक्री रानवाटेच्या नावाने होते, आणि ज्या शर्यतीने या मोठ्या गाड्यांना नावलौकिक दिला, त्या डकारनेच २०११ पासून मोटारसायकलींच्या इंजिनाला ४५० सीसीची मर्यादा घातली आहे.

भारतीय स्वाराच्या दृष्टीने हा प्रश्न पैशाचाही आहे. 'आर १३०० जीएस' २०२४ मध्ये भारतात आली ती २० लाख ९५ हजार रुपयांना, कर व नोंदणीखर्च वेगळा. उलट रॉयल एनफिल्डच्या २०२३ मधील नव्या 'हिमालयन'चे इंजिन ४५२ सीसीचे, शक्ती चाळीस अश्वशक्तीची आणि वजन १९६ किलो. पुण्याजवळ चाकणला बनणारी 'केटीएम ३९० ॲडव्हेंचर' तर त्याहून हलकी. लडाखच्या एखाद्या नाल्यात, घोटाभर पाण्यात गाडी कलंडली, तर या दोन्ही गाड्या एकट्या माणसाला, धापा टाकत का होईना, उभ्या करता येतात.