आधी स्टार्टर, मग बाकी

मेसमध्ये बेसबॉल काढला की पोरं ताटात बघायला लागतात. तरी लिहितोच. कोवळ्या पिचरला पहिल्या इनिंगपासून टाकू द्यायचं, की शेवटी एखाद्या इनिंगला रिलीफ म्हणून आणायचं? मी म्हणतो, पहिल्यापासून.

न्यूयॉर्क यांकीजचा जोबा चेंबरलेन घ्या. २००७ साली, २१ व्या वर्षी, रिलीफला येऊन त्याने २४ इनिंगमध्ये एकच अर्न्ड रन दिला. लोक वेडे झाले. पण तिथे बॅटर एकदाच समोर येतो, वेग आणि स्लायडरवर भागतं. स्टार्टरपुढे तोच बॅटर तिसऱ्यांदा उभा राहतो, तेव्हा तिसरा-चौथा पिच लागतो. तो नेटमध्ये नाही, मार खाऊनच येतो. २००९ मध्ये ३१ सामने स्टार्ट करताना जोबाने दर नऊ इनिंगला ४.७५ अर्न्ड रन दिले, की २०१० ला परत रिलीफ! एका वर्षात काय शिकणार, कप्पाळ?

हात जपायला रिलीफ बरा म्हणतात. जोबाचं कोपर २०११ मध्ये गेलं, तेव्हा तो रिलीफलाच होता. उलट क्रिस सेल. शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला २०१२ मध्ये रिलीफमधून काढून स्टार्टर केलं, आणि पठ्ठ्याने त्याच वर्षी १७ सामने जिंकले.