मंदिर हलले, नदी सुटली नाही

१/ चीनमधील युनयांग येथे यांगत्से नदीच्या दक्षिण तीरावर झांग फेईचे मंदिर आहे. २००२-०३ मध्ये ते उतरवून सुमारे ३२ किलोमीटर वरच्या अंगाला पुन्हा उभारण्यात आले. ‘मग ते प्राचीन कसले?’ हा प्रश्न त्यावर हमखास विचारला जातो. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

२/ झांग फेई हा ‘तीन राज्यां’च्या काळातील शू हानचा सेनापती. इ. स. २२१ मध्ये त्याच्याच हाताखालच्या माणसांनी त्याची हत्या केली. आख्यायिका सांगते की, त्याचे शिर नदीत फेकले गेले आणि युनयांगपाशी एका कोळ्याला सापडले. म्हणजे या मंदिराचे मूळच प्रवाहात आहे.

३/ वास्तूही तेच सांगते. डोंगरउतारावर टप्प्याटप्प्याने चढत गेलेली दालने, वर वळलेल्या पाखा आणि दृष्टी नदीकडे. त्यातील एका दालनाचे नावच ‘वाऱ्याला साहाय्य करणारे’ असे आहे. झांग फेई अनुकूल वारा देतो, अशी नावाड्यांची श्रद्धा होती.

४/ आता ‘मूळ’ वास्तूविषयी. १८७० च्या महापुराने मंदिराचा मोठा भाग नेला. आज दिसते ते बांधकाम बहुतांशी त्यानंतरचे, छिंग राजवटीच्या उत्तरकाळातले. एका तुळईची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून रचलेला लाकडी सांगाडा उकलता येतो, दुरुस्त करता येतो. पुनर्बांधणी हा या परंपरेचा अपवाद नव्हे, तिचा स्वभाव आहे.

५/ थ्री गॉर्जेस धरणाची जलपातळी १७५ मीटर. त्यात मंदिराची जुनी जागा बुडाली आणि समोरचे जुने युनयांगही. पूर्वी मंदिर नदीपलीकडून गावाकडे पाहत असे. आज ते तसेच नव्या युनयांगकडे पाहते. जागा बदलली, पण गाव, नदी आणि मंदिर यांचे नाते टिकले. माझ्या लेखी प्राचीनता या नात्यात आहे.

६/ मात्र याला धरणाचे समर्थन समजू नये. या प्रकल्पाने १२ लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. मंदिराचे भाग जपून उतरवले, वाहून नेले, पुन्हा जोडले. माणसांच्या अंगणांना ते भाग्य लाभले नाही. वारसा वाचला असे म्हणताना, कोणाचा वाचला हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.