रक्षकाची मर्यादा

एकत्र कुटुंबांत बहुधा एकच संगणक असतो. वडिलांचें दुखणें, कन्येचें स्थळ, कर्जाची विवंचना, सर्व त्यालाच विचारलें जातें. हें परक्यास कळूं नये, म्हणून तरुण मंडळी ब्राउझरला एखादें एक्स्टेन्शन जोडतात आणि निश्चिंत होतात.

हें साधन निरुपयोगी नव्हे. जाहिरातदारांचे पुष्कळसे हेर तें दारांतच अडवितें. परंतु त्याची सत्ता ब्राउझरच्या उंबरठ्यापर्यंतच चालते. मोबाइलवरील इतर ॲपांवर त्याचा अंमल नाहीं. आपला आयपी पत्ता तें सहसा झांकीत नाहीं. आणि स्वतःच्या नांवानें खात्यांत शिरलेल्या गृहस्थास ती कंपनी ओळखणारच.

याहून विचारणीय गोष्ट ही कीं, पानें तपासावयाचीं तर तीं वाचण्याची मुभा या रक्षकास द्यावीच लागते. ‘अव्हास्ट’ कंपनीनें गोपनीयता राखण्याचें आश्वासन देऊन, एक्स्टेन्शनांतून जमविलेली माहिती विकली, असा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें ठेविला. २०२४ सालीं तिला १ कोटी ६५ लक्ष डॉलर भरावे लागले.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें ठरविलें. त्यांत शरद बोबडे व धनंजय चंद्रचूड हे दोघे महाराष्ट्रीय होते. अधिकार मिळाला, तरी विवेक ज्याचा त्यानेंच राखावयाचा. एक्स्टेन्शनें मोजकींच ठेवावीं, अनोळखी काढून टाकावीं, तीं कोणती मुभा मागतात तें वाचावें. आणि जें चारचौघांत बोलवत नाहीं, तें यंत्राच्या स्वाधीन करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.