आदर म्हणजे होकार नव्हे

मतभेद आणि वयातले अंतर एकाच घरात एकत्र आले की आदराविषयीच्या तीन समजुती पुढे येतात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोडून काढणे हाच अनादर, ही पहिली. काळ बदलला, आता जुन्या माणसांच्या मताला किंमत उरली नाही, ही दुसरी. वाद नको म्हणून मतभेदाचा विषयच काढू नये, ही तिसरी. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या टाकल्याशिवाय दोन पिढ्यांमध्ये खरा आदर निर्माण होऊ शकत नाही.

मुंबईतल्या मानखुर्दमध्ये हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पासाठी रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हटवल्या गेल्या आणि तिथल्या हजारो कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. एवढ्या जागेत आजी, मुलगा-सून आणि नातवंडे राहतात. मत पटले नाही म्हणून उठून जायला तिथे दुसरी खोली नसते.

अशा घरात एक वाद हमखास होतो. जुन्या पिढीला रुळाकाठची झोपडी बरी वाटते, तर नव्या पिढीला पक्के घर. आजीच्या हिशेबात चालत जाता येईल अशी धुणीभांड्यांची कामे आणि अडीनडीला धावून येणारा शेजार असतो. स्थलांतरात यांतले बरेच तुटले. नातवाच्या हिशेबात घरातले शौचालय, अभ्यासाला वीज आणि नोकरीच्या अर्जावर लिहिता येणारा पत्ता असतो. दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत, पण दोघांचेही हिशेब खरे आहेत. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो आहे. समोरचा माणूस काय मोजतो आहे हे आधी विचारणे, यालाच सहानुभूती म्हणायचे.

आता पहिली समजूत. मोठ्यांना उलट बोलू नये, हा आपल्या संस्कृतीचा दंडक आहे असे सांगितले जाते. मराठी परंपरा मात्र वेगळे सांगते. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवल्याची कथा घरोघरी माहीत आहे. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे त्यांना ठरवता आले नाही. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. पुढे याच चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले, असे परंपरा मानते. वारीत आजही लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. म्हणजे ज्याला संस्कृती म्हणून पुढे केले जाते, त्या संस्कृतीनेच वय आणि अधिकार यांची फारकत केली आहे. कायद्यानेही तेच केले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. मतपेटीत अठरा वर्षांच्या मुलीचे मत ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या मताइतकेच भरते. घरात मात्र तिने तोंड उघडायचे नाही, ही विसंगती आहे.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची, पण तितकीच पोकळ. जुन्यांचा अनुभव कालबाह्य म्हणणाऱ्याने मानखुर्दच्या म्हाताऱ्या माणसांजवळचे कागदांचे गाठोडे पाहावे. १९७६ साली राज्य सरकारने झोपडपट्ट्यांची गणना करून फोटोपास दिले. त्याच वर्षी, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून तिथल्या रहिवाशांना ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पात हलवण्यात आले. उभी वस्ती एका फटक्यात उठू शकते, हे ज्यांनी पाहिले त्यांनी रेशनकार्ड, वीजबिल, पावती, काहीही फेकले नाही. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात आधी १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा पात्रतेसाठी लागू लागला, तेव्हा कामी आले ते हेच जपलेले कागद. तरुणांना जो निव्वळ हट्ट वाटतो, त्यामागे असा इतिहास असतो. तो ऐकून न घेता मत मोडीत काढणे म्हणजे अर्धी माहिती हाती घेऊन निवाडा देणे होय.

मात्र अनुभव खरा असला म्हणून त्यातून निघणारे प्रत्येक मत खरे ठरत नाही. कागद जपावेत हा सल्ला रास्त आहे, पण मुलीने दहावीनंतर शिकू नये हा हुकूम त्याच तोंडून आला म्हणून रास्त होत नाही. तिथे विरोध करणे हे कर्तव्यच आहे.

तिसरी समजूत सर्वांत सभ्य दिसते, म्हणून ती अधिक फसवी आहे. गप्प बसल्याने मतभेद मिटत नाही, अबोला मात्र वाढतो. महाराष्ट्राने मोठे मतभेद उघड मांडून निभावले आहेत. न्यायमूर्ती रानडे टिळकांपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघे विरुद्ध बाजूंना होते. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात रानड्यांची सामाजिक परिषद भरवण्याला टिळकांच्या पक्षाने कडाडून विरोध केला. रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला, पण परिषद सोडली नाही. ती स्वतंत्र मंडपात भरली. आणि १९०१ मध्ये रानडे गेले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्या विद्वत्तेचा आणि कार्याचा मनापासून गौरव केला. विरोध खरा होता आणि आदरही खरा होता. एकाने दुसऱ्याला बाधा आली नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे ठरते. आदर माणसाचा करायचा असतो, तर मत तपासायचे असते. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे सांगावे लागे. खंडनाचा हक्क त्यानंतर मिळे. घरातल्या वादालाही हीच शिस्त लागू केली पाहिजे. नातवाने आजीचा हिशेब तिचे समाधान होईल इतका नीट मांडून दाखवावा आणि आजीने नातवाचा. त्यानंतर खुशाल खोडून काढावा. वयाचा दाखला ना मोठ्यांनी द्यावा, ना तरुणांनी. चूक पटली तर ती मान्य करताना मोठ्यांना कमीपणा वाटू नये आणि ती मान्य करवून घेताना लहानांनी उन्माद करू नये. आणि पटलेच नाही, तर मतभेद तसाच ठेवून ताटावर एकत्र बसता आले पाहिजे.

२००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे. निर्वाह कायद्याने मिळवता येतो, आदर नाही. तो दोन्ही पिढ्यांनी एकमेकांना द्यायचा असतो आणि त्याची सुरुवात समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्यापासूनच होते.