विश्लेषण : ४२१ की ४८९? ईव्ही घेताना शिरूर-दौंडकरांनी नेमका कोणता आकडा पाहायचा?

टाटा मोटर्सची नेक्सॉन रांजणगावात, म्हणजे शिरूर तालुक्यातच तयार होते. इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की या भागात टाटांच्या टियागो, पंच आणि नेक्सॉनची नावे आधी येणे स्वाभाविक आहे. कंपनी एकच असल्याने तुलना सोपी वाटते. शोरूममधले माहितीपत्रक शेजारी ठेवायचे, रेंज पाहायची, किंमत पाहायची, झाले! गडबड इथेच होते.

पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा ३५ किलोवॅट-तास बॅटरीच्या गाडीची रेंज ४२१ किलोमीटर सांगितली गेली. त्याच बॅटरीचा नंतरचा आकडा ३६५ आहे. गाडी बदललेली नाही, मोजणी बदलली. आधीच्या चाचणीत शहरी वेगाचा भाग तेवढा धरला जाई, आता जास्त वेगाचा भागही धरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ४५ किलोवॅट-तासांच्या नेक्सॉनची ४८९ किलोमीटर ही रेंज नव्या मोजणीची आहे. जुने ४२१ आणि नवे ४८९ शेजारी ठेवले तर फरक ६८ किलोमीटरचा दिसतो. खरा फरक १२४ चा आहे.

हे आकडेही प्रयोगशाळेतलेच. कंपनी स्वतःच ‘सी ७५’ नावाचा आणखी एक आकडा देते. चारपैकी तीन ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी ही रेंज असते. नेक्सॉन ४५ साठी ती ३५० ते ३७०, तर २४ किलोवॅट-तासांच्या टियागोसाठी १९० ते २१० किलोमीटर आहे. तुलना करायची तर याच आकड्यांची करावी. सोलापूर रस्त्यावर सलग वेगात गाडी हाकणाऱ्याने त्यातूनही थोडे वजा करावे.

प्लगचा हिशेब

शिरूरहून पुण्याला जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर होतात, दौंडहून थोडे अधिक. कागदावर टियागोला हे जमते. पण गाडी रोज भरायची घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर. त्यातून सुमारे ३.३ किलोवॅट वीज मिळते. आठ तासांत २६ युनिट आणि वाया जाणारी वीज सोडली तर बॅटरीत २३-२४. गाडी टियागो असो वा नेक्सॉन, रात्रभरात एवढेच. नेक्सॉनच्या हिशेबाने ते १८० किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे रोजची फेरी निघते.

आता रात्री तीन तास वीज गेली असे धरा. गावाकडे हे काही नवल नाही. १५ युनिटच आत गेले, तर छोट्या बॅटरीवाल्याला वाघोलीच्या कोंडीत गाडीचा एसी लावताना विचार करावा लागेल. मोठ्या बॅटरीत आदल्या दिवसाची शिल्लक असते. लांबच्या सहलींपेक्षा मोठ्या बॅटरीचा खरा उपयोग इथे आहे.

वॉरंटी आणि हप्ते

बॅटरीच्या वॉरंटीकडे ग्राहक सर्वात शेवटी पाहतो. टियागो ईव्ही बाजारात आली ती आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातले जे आधी होईल त्या अटीवर. महिन्यात २५ दिवस १४० किलोमीटर म्हणजे वर्षाला ४२ हजार. या चालीने वॉरंटी चार वर्षांच्या आतच संपते आणि कर्ज सात वर्षांचे असेल तर पुढची तीन वर्षे हप्ते चालूच. बॅटरी हा गाडीतला सर्वात महागडा भाग, हे वेगळे सांगायला नको. नेक्सॉन ४५ ला मात्र जुलै २०२५ पासून पहिल्या खासगी मालकासाठी ‘लाइफटाइम’ वॉरंटी आहे. ‘लाइफटाइम’चा अर्थ नोंदणीपासून १५ वर्षे. टॅक्सी म्हणून चालवणाऱ्याला किंवा जुनी गाडी घेणाऱ्याला ती त्याच अटींवर मिळेल असे गृहीत धरू नये.

म्हणून रोज पुणे गाठणाऱ्याने काही लाख जास्त मोजून नेक्सॉन ४५ घेणे ही चैन नाही. याउलट शिरूरहून रांजणगावला किंवा दौंडहून कुरकुंभला कामाला जाणाऱ्याची फेरी पन्नास किलोमीटरच्या आतच संपते. त्याने मोठ्या बॅटरीचे हप्ते का फेडावेत? त्याला टियागो पुरते, घरात माणसे जास्त असतील तर पंच. दौंडकराला पुण्यासाठी रेल्वेही आहे, शिरूरकराला ती नाही. त्यामुळे दोघांचा हिशेब सारखा येणार नाही.

विजेचे बिलही आधीच मांडून पाहावे. रोजच्या पुणे फेरीला महिन्याला साडेचारशेहून अधिक युनिट लागतात. ते घरच्याच मीटरवर घेतले तर वापर थेट महागड्या टप्प्यात जातो. तरीही पेट्रोलपेक्षा ते स्वस्तच, पण विक्रेता सांगतो तितके नाही. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा असेल तर मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे गाडी बुक करण्याआधीच द्यावा. आणि विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.