गंजातून जे वाचते

अड्यार नदी जेथे बंगालच्या उपसागराला मिळते, त्या परिसरात लोखंडाला सुख नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गजसुद्धा पोखरले जातात. त्यात डिसेंबर २०१५ मध्ये महापुराने नदीकाठच्या वस्त्या जलमय केल्या आणि कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा एखाद्या घराच्या आवारात आजोबांची ‘स्टँडर्ड हेराल्ड’ वर्षानुवर्षे उभी असेल, तर तिचे इंजिन जाम झाले असणार, हे सांगावयास जाणकार नको.

ही गाडी १९६१ पासून मद्रासजवळ तयार होऊ लागली. तो कारखाना बंद पडून आता अनेक वर्षे लोटली. परदेशातून सुटे भाग मागवावेत, तर खर्च फार. म्हणूनच एका मृत इंजिनातून वाचवलेला प्रत्येक भाग दुसऱ्या एखाद्या गाडीचे आयुष्य वाढवतो.

इंजिन जाम का होते? पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट असते. ओलाव्याने बिडाच्या भिंतीवर गंज चढतो, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. साहजिकच ती फट भरून जाते व पिस्टन जागच्या जागी आवळला जातो.

येथे ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय चालत नाही. लांब नळी लावून इंजिन फिरवू पाहणारा बहुधा कनेक्टिंग रॉड वाकवतो. त्यापेक्षा स्पार्क प्लग काढावेत, त्या छिद्रांतून पातळ तेल व रॉकेल यांचे मिश्रण ओतावे आणि आठवडाभर थांबावे. (जवळपास विस्तव वा विडी नसावी.) मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावून तो तिळभर पुढे, तिळभर मागे हलवावा. इतक्यानेही भागले नाही, तर वरचे हेड व खालची तेलाची टाकी उतरवून रॉडच्या टोप्या एकेक सोडवाव्यात. अडवणारा पिस्टन कोणता, ते आपोआप कळते. त्यावर घट्ट लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडा थेट मारू नये.

काढलेल्या टोप्यांवर क्रमांक घालण्यास विसरू नये. प्रत्येक टोपी आपल्याच रॉडची असते. तिची अदलाबदल झाली की बेअरिंग नीट बसत नाही.

आता निवड. रिंगा, बेअरिंगे व गॅस्केटे यांचा मोह सोडावा. ब्लॉकला खड्डे पडले असले, तरी आतून घासून मोठा करता येतो किंवा त्यात नवी बाही बसवता येते. क्रँकशाफ्ट सूक्ष्ममापकाने मोजून ग्राइंडिंग यंत्रावर घासून घेता येतो. मात्र तडा गेलेला रॉड कितीही चकचकीत दिसला, तरी पुन्हा गाडीत घालू नये. वेगात तो तुटला, तर ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि वाचवलेले सारे त्याच्याबरोबर जाते.

चेन्नईच्या पुदुपेट भागातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अशी पारख रोज चालते. आपल्या घरी मात्र ती एकदाच करावयाची असते. आणि आजोबांच्या गाडीविषयीची माया डोळ्यांवर आली की तडा दिसत नाही. मायेने गाडी जपावी. परंतु भाग निवडताना मापावरच विश्वास ठेवावा.