रिकामी मुंबई

जुन्या मुंबईचे फोटो हा आपल्या सगळ्यांचा वीक पॉइंट! पूर्वी ते ढकलपत्रांतून यायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, एवढाच काय तो फरक. खाली ओळ ठरलेली: 'काय टुमदार, मोकळं शहर होतं! बाहेरच्यांनी येऊन वाट लावली...' फोटो मलाही आवडतात हो, तासन्‌तास बघत बसतो. पण ती ओळ वाचली की डोकं फिरतं.

कारण ते रस्ते मोकळे नव्हतेच मुळी. १८६४ च्या गणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं भरली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला, फोर्टचा तट पाडायचं काम चाललेलं. मग फोटोतले हमाल, बैलगाड्या, पाणी वाहणारे गेले कुठे?

त्या काळी काचेला रसायन लावून, ती ओली असतानाच फोटो काढत. काचेवर उजेड काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्यात जो चालत निघून गेला, तो उमटायचाच नाही. फार तर एक धुरकट फराटा. उमटायच्या इमारती, उभी गाडी आणि डुलक्या काढणारा गाडीवान. थोडक्यात, ज्याला थांबायला सवड नव्हती तो फोटोतून बाद!

गंमत पुढेच आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत उभी केलेली माणसं कापून बाहेरच्या दृश्यांवर चिकटवलीत. म्हणजे खरी माणसं रस्त्यावरून पुसली गेली आणि पोज दिलेली वरून डकवली. (फोटोशॉपला उगाच नावं ठेवतो आपण.) कॅमेरा फक्त साहेबांच्याच हातात होता असंही नाही. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामणी ही आपली मंडळी १८५० च्या दशकातच फोटो काढत होती.

गरिबांचे चेहरे मला ढिगाने दिसतात ते १८९७ च्या प्लेगच्या फोटोंत. तपासणीसाठी रांगेत उभे केलेले, छावणीत नेऊन ठेवलेले. हे फोटो मात्र कुणी 'गेले ते दिवस' म्हणून पुढे ढकलत नाही.

आता 'बाहेरच्यांचं' काय ते बघू. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास, आणि त्यातली पाव हिश्शाहूनही कमी माणसं मुंबईत जन्मलेली. बाकीची सगळी बाहेरची. त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा नंबर फार वरचा. म्हणजे आपलेच पणजोबा, ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेले. तेव्हाही कुणीतरी गर्दी वाढली म्हणून नाकं मुरडलीच असणार, आणि त्या गर्दीत आपण होतो.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. गिरणीच्या गेटसमोरचा, चाळीच्या गॅलरीतला, गणपतीतला, कसलाही जुना फोटो ट्रंकेत असेल तर स्कॅन करून पाठवा. हललेला असला तरी चालेल. आणि त्याच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवा, ओळखणारी दोन-तीनच माणसं उरलीत आता.